डॉमिनिकन ‘सहा वर्षांचं युद्ध’ (१८६८–७४): विलीनीकरणाचा हिशेब कुठे आणि कसा फसला?

नकाशावेडा

डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या १८६८ ते १८७४ च्या यादवीचा कालपट मांडायला घेतलाय. ढोबळ गोष्ट माहीत आहे. राष्ट्राध्यक्ष बुएनाव्हेंतुरा बाएस देश अमेरिकेत विलीन करायला निघाला, लुपेरोन आणि काब्राल या सेनानींनी शस्त्र उचललं, अमेरिकी सिनेटने करार पाडला आणि पुढे बाएसची सत्ताही गेली. पण जरा खोलात गेलं की धागे जुळेनासे होतात. अडलेल्या जागा अशा:

१. होसे मारिया काब्राल हा विलीनीकरणविरोधी आघाडीचा मोठा सेनानी. पण १८६६ ते ६८ या काळात तोच अध्यक्ष होता आणि ईशान्य किनाऱ्यावरचा ‘सामाना’ नावाचा उपसागर अमेरिकेला भाड्याने देण्याची बोलणी तोच करत होता. मग तो विरोधक कसा?

२. बाएसने लंडनच्या सावकाराकडून घेतलेल्या हार्टमाँट कर्जाचा आकडा कुठे ४,२०,००० पौंड, कुठे ७,५७,७०० तर कुठे ३८,०९५ दिसतो. यातला खरा कोणता?

३. १८७० च्या सार्वमतात विलीनीकरणाच्या बाजूने १५,१६९ आणि विरोधात ११. हे निव्वळ नाटक होतं का?

४. अमेरिकी युद्धनौका बाएसच्या रक्षणाला कोणत्या अधिकारात उभ्या होत्या?

५. करार ३० जून १८७० ला पडला. मग युद्ध आणखी साडेतीन वर्षं कशावर चाललं?

लढायांची नुसती यादी नको आहे. यंत्रणा कशी चालत होती ते हवंय.

---

सीमारेषा

पहिला प्रश्न घेतो, कारण तो सुटला नाही तर बाकीचे सुटणार नाहीत.

‘देशभक्त विरुद्ध देश विकणारे’ अशा दोन रकान्यांत माणसं बसवायला गेलात तर निम्मी माणसं दोन्हीकडे येतील. १८४४ मध्ये हैतीपासून वेगळं झाल्यापासून या देशातल्या बहुतेक पुढाऱ्यांनी कधी ना कधी परक्या सत्तेचा उंबरा झिजवला होता. राष्ट्राध्यक्ष पेद्रो सांतानाने तर मार्च १८६१ मध्ये अख्खा देश स्पेनच्या पदरात टाकला. ऑगस्ट १८६३ मध्ये उठाव पेटला आणि जुलै १८६५ पर्यंत स्पॅनिश फौजा निघून गेल्या. हे पुनःस्थापनेचं युद्ध. लुपेरोन, काब्राल, पिमेंतेल ही नावं त्यातूनच वर आली. आणि बाएस? त्या काळात तो स्पेनकडून फील्ड मार्शलचा हुद्दा घेऊन युरोपात होता. तरीही स्पेन गेल्यावर पाच महिन्यांत, डिसेंबर १८६५ मध्ये, तोच पुन्हा अध्यक्षपदी बसला! एवढ्यावरूनच कळेल की निष्ठा विचारांना कमी आणि माणसांना जास्त चिकटलेल्या होत्या.

१८६६ मध्ये त्याला हटवून काब्राल आला. तिजोरीत खडखडाट. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड याला कॅरिबियनमध्ये आरमारी तळ हवा होता. त्याचा मुलगा फ्रेडरिक १८६७ च्या सुरुवातीला सांतो दोमिंगोला येऊन गेला, पुढे काब्रालने पाब्लो पुहोलला वॉशिंग्टनला धाडलं. ही बोलणी बाहेर फुटली तेव्हा सर्वांत मोठी ओरड कोणी केली? बाएसच्या लाल गटाने. काब्राल देश विकतोय म्हणून! जानेवारी १८६८ अखेर काब्राल पडला, २ मे रोजी बाएसने सूत्रं घेतली आणि ज्या सौद्यावरून शिमगा केला होता तोच पुढे नेला, फक्त आकार वाढवून.

तेव्हा कालपटात दोन वेगळ्या रेघा ओढा. एक रेघ सामानाच्या भाडेपट्ट्याची, दुसरी संपूर्ण विलीनीकरणाची. काब्राल पहिल्या रेघेवर सापडतो, दुसऱ्यावर नाही. बाएस दोन्हीवर. ग्रेगोरियो लुपेरोन दोन्हींच्या विरोधात, आणि या बाबतीत त्या पिढीत तो बऱ्यापैकी एकटा.

आता प्रदेश. निळा गट म्हणजे उत्तरेचं सिबाओ खोरं, तंबाखू पिकवणारे छोटे शेतकरी, सांतियागोचे व्यापारी आणि पुएर्तो प्लाता बंदर. लाल गट म्हणजे दक्षिण, महोगनी लाकूड आणि गुरांचे मोठे मालक. बाएस स्वतः आसुआकडचा महोगनीवाला. सिबाओच्या रागाचं मूळ १८५७ मध्ये आहे. त्या वर्षी बाएसच्या सरकारने भरमसाट कागदी चलन छापून त्यातूनच तंबाखूचं पीक विकत घेतलं. हातात पडलेल्या नोटांची किंमत बघता बघता कोसळली आणि व्यापारी-शेतकरी एकत्र बुडाले. ७ जुलै १८५७ चा सांतियागोचा उठाव त्यातूनच झाला.

पण हीही विभागणी घट्ट धरू नका. निळ्या काब्रालचा खरा जोर दक्षिणेच्या सान हुआन खोऱ्यात होता, आणि सिबाओच्या खेड्यापाड्यांत बाएसला मानणारे कमी नव्हते. जाता जाता: बाएसचा जन्म ज्या रिंकोन गावचा सांगतात, त्या गावाचं आजचं नाव काब्राल आहे.

---

खातेवही

दुसरा प्रश्न माझ्याकडे. तिन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत.

४,२०,००० पौंड ही करारातली रक्कम. १८६९ मध्ये एडवर्ड हार्टमाँट या लंडनच्या सावकाराशी बाएसने करार केला. त्यातले १,००,००० पौंड हार्टमाँटची दलाली. म्हणजे कागदावरसुद्धा चौथा हिस्सा आधीच गेला.

७,५७,७०० पौंड ही लंडनच्या बाजारात विकायला काढलेल्या रोख्यांची दर्शनी किंमत. करारापेक्षा इतकी जास्त का? रोखे दर्शनी किमतीला विकलेच जात नसत, मोठी सूट द्यावी लागे. वर दलालांचे खर्च, आणि सुरुवातीचे हप्ते भरण्यासाठी राखून ठेवलेला भाग. त्या काळी दुबळ्या देशांच्या कर्जांत हा नेहमीचाच प्रकार होता. रोखे घेणाऱ्याला वाटे आपलं व्याज देशाच्या उत्पन्नातून येतंय, प्रत्यक्षात पहिली एक-दोन वर्षं त्याचेच पैसे त्याला परत मिळत.

३८,०९५ पौंड एवढेच सांतो दोमिंगोच्या सरकारच्या हातात पडले.

आणि परतफेड? वर्षाला ५८,९०० पौंड, २५ वर्षं. गुणून पाहा: १४,७२,५०० पौंड. हाती आलेल्या रकमेच्या साधारण ३९ पट. एका वर्षाचा हप्ताच मिळालेल्या एकूण पैशापेक्षा मोठा होता. तारण म्हणून जकातीचं उत्पन्न आणि सरकारी मालमत्ता लिहून दिलेली.

हे आकडे राजकारणाशी जोडल्याशिवाय बाएसची घाई समजत नाही. सरकारचं उत्पन्न म्हणजे जवळजवळ फक्त जकात. सर्वांत कमावतं बंदर पुएर्तो प्लाता, आणि ते तंबाखूवर चालणारं. यादवीत तंबाखू अडला की जकात पडते, जकात पडली की सैनिकांचा पगार थकतो, आणि पगार थकला की सैनिक बंडखोरांना मिळतात. व्यापाऱ्यांकडून उचल घ्यायची तर ते पुढची जकात आधीच कापून मागत. या चक्रातून सुटायला एकच ठोक रक्कम दिसत होती, ती अमेरिकेची. करारात कर्जफेडीसाठी १५ लाख डॉलर होते. बाएसला अमेरिकी घटनेचं किंवा शाळा-रेल्वेचं प्रेम होतं असं मानायला मला जागा दिसत नाही. त्याला गिऱ्हाईक हवं होतं.

पाचव्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही यातच आहे. करार पडला तेव्हा ठोक रक्कम गेली, पण देणी आणि शत्रू दोन्ही जागेवरच राहिले.

---

डोलकाठी

चौथा प्रश्न, म्हणजे युद्धनौका. त्यासाठी आधी कराराचे टप्पे नीट लावावे लागतील. क्रम असा:

युलिसिस ग्रँट ४ मार्च १८६९ ला अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्याच उन्हाळ्यात त्याने आपला सचिव ऑर्व्हिल बॅबकॉक याला सांतो दोमिंगोला पाठवलं, अधिकृतपणे फक्त पाहणीसाठी. करार करण्याचा अधिकार त्याला दिलेला नव्हता. तरीही ४ सप्टेंबरला तो मसुद्यावर सही घेऊन आला. त्यात ग्रँट काँग्रेसच्या सदस्यांमध्ये आपलं वजन खाजगीत वापरेल असं आश्वासन होतं. परराष्ट्रमंत्री हॅमिल्टन फिश हे वाचून चकित झाला, पण ग्रँटने मसुदा नाकारला नाही. त्याने तो नियमात बसवून घेतला. २९ नोव्हेंबर १८६९ रोजी अमेरिकेचा व्यापारी प्रतिनिधी रेमंड पेरी आणि डॉमिनिकन परराष्ट्रमंत्री मानुएल मारिया गौतिएर यांनी दोन कागदांवर सह्या केल्या.

एक, विलीनीकरणाचा करार: १५ लाख डॉलर आणि जनतेची संमती घेण्याची अट.

दोन, तो फसला तर हाताशी असावा म्हणून सामानाचा भाडेपट्टा: ५० वर्षं, वर्षाला १,५०,००० डॉलर.

पहिल्या वर्षाचे १,५०,००० लगेच पोहोचले: १,००,००० रोख आणि ५०,००० ची शस्त्रं. सिनेटने एका कागदालाही मंजुरी दिलेली नसताना! कालपटात ही नोंद ठळक करा, कारण बाएसची फौज त्या हिवाळ्यात टिकली ती बहुतांशी याच जोरावर.

आता नौदल. प्रशासनाचा युक्तिवाद असा की करार विचाराधीन असेपर्यंत ‘होऊ घातलेल्या’ अमेरिकी भूमीचं संरक्षण करणं हे अध्यक्षाचं काम. फेब्रुवारी १८७० मध्ये ॲडमिरल चार्ल्स पूर ‘सेव्हर्न’ आणि चिलखती ‘डिक्टेटर’ घेऊन पोर्टओप्रिन्सला गेला आणि हैतीच्या सरकारला त्याने बजावलं की डॉमिनिकन भूमीवर हल्ला झाला तर तो अमेरिकी ध्वजाचा अपमान मानला जाईल. सिनेटर चार्ल्स समनरचा आक्षेप नेमका इथे होता. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, आणि एका मित्रराष्ट्राला तोफांचा धाक दाखवणं म्हणजे युद्धाचीच कृती. ज्या करारावरून धाक दाखवला तो मंजूर झालेलाच नव्हता. माझ्या मते कायद्याच्या कसोटीवर समनरची बाजू जड होती. ग्रँटकडे दाखवायला ठोस कलम नव्हतं.

करार मंजूर करण्याची मुदत चार महिन्यांची, २९ मार्च १८७० ला संपणारी. त्याआधीच, १५ मार्चला, समनरच्या परराष्ट्र समितीने ५ विरुद्ध २ असा प्रतिकूल कौल दिला. मुदत वाढवून घेतली आणि ३० जूनला सिनेटमध्ये मतदान झालं: २८ विरुद्ध २८. नुसती बरोबरी झाली, थोडक्यात हुकला, असं यावरून वाटतं, पण तसं नाही. करारासाठी दोन-तृतीयांश मतं लागतात. ५६ जण हजर तर ३८ हवी होती. म्हणजे दहा मतं कमी पडली.

का पडली? एका कारणाने नाही. समनर हैतीच्या स्वातंत्र्याचा कैवारी होता आणि कृष्णवर्णीयांचं ते राज्य यामुळे धोक्यात येईल असं त्याला वाटत होतं. सिनेटर कार्ल शूर्झसारख्यांचा विरोध उलट दिशेचा: उष्ण कटिबंधातली मिश्र वंशाची प्रजा संघराज्यात नकोच. तिसरं म्हणजे दुर्गंधी. विल्यम कॅझ्नो आणि जोसेफ फेबन्स हे अमेरिकी सट्टेबाज सांतो दोमिंगोत जमिनी आणि सवलती बाळगून होते आणि करार जुळवण्यात तेच पुढे होते. चौथं, डेव्हिस हॅच प्रकरण. या अमेरिकी नागरिकाला बाएसने तुरुंगात डांबलं होतं, आणि तो सुटला तर विलीनीकरणाविरुद्ध लिहील म्हणून त्याला अडकवून ठेवलं, असा आरोप सिनेटच्या चौकशीत पुढे आला. ज्या पेरीने करारावर सही केली होती त्याचीच साक्ष बाएस आणि बॅबकॉक यांना अडचणीची ठरली.

---

सीमारेषा

डोलकाठींशी सहमत, पण एक पुरवणी. वॉशिंग्टनमध्ये घडलेलं सगळं तपशिलात आलं आणि बेटावरचं राहिलं, की हे युद्ध अमेरिकी सिनेटची तळटीप वाटायला लागतं. तसं नव्हतं. सान हुआन खोऱ्यात काब्राल तळ ठोकून नसता तर बाएस ‘देशात शांतता आहे, लोक एकमताने तयार आहेत’ असं निर्धास्त सांगू शकला असता. समनरच्या हातातला सर्वांत मोठा पुरावा म्हणजे यादवी चालू असल्याची वस्तुस्थिती.

मैदान असं होतं. नैऋत्येला सान हुआन, लास मातास, नेइबा हा पट्टा काब्रालचा, पाठ हैतीच्या सरहद्दीला. पुढे आसुआ म्हणजे राजधानीकडे जाणारं दार, आणि ते लाल गटाच्या ताब्यात. वायव्येला लुपेरोन आणि पिमेंतेल, काप-हैतियन बाजूने येऊन दाहाबोन आणि ग्वायुबिनकडे घुसणारे. तिसरी आघाडी समुद्राची: लुपेरोनने १८६९ मध्ये ‘तेलेग्राफो’ नावाची आगबोट मिळवली आणि किनाऱ्यावरच्या बंदरांवर हल्ले केले. बाएसने तिला चाचेगिरी करणारी बोट ठरवलं, म्हणजे कोणत्याही देशाच्या आरमाराला ती पकडायला मोकळीक. अमेरिकी आरमार मागे लागलं, आणि अखेर टोर्टोलाला ब्रिटिशांनी ती अडकवली. त्यानंतर विरोधकांकडे समुद्र उरला नाही.

हैतीच्या राजकारणाकडे लक्ष द्या, सगळ्याची बिजागरी तिथे आहे. हैतीचा अध्यक्ष साल्नाव्ह बाएसचा मित्र, तर त्याच्याविरुद्ध लढणारा निसाज साजे काब्राल-लुपेरोनचा. म्हणजे दोन देशांत दोन यादव्या, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या. डिसेंबर १८६९ मध्ये साल्नाव्ह पडला, सरहद्द ओलांडून पळाला, आणि काब्रालच्या माणसांच्या हाती सापडला. काब्रालने त्याला हैतीच्या नव्या सत्तेकडे सोपवलं. १५ जानेवारी १८७० ला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. या एका देवाणीने काब्रालची पाठ सुरक्षित झाली. पुढच्याच महिन्यात पूरच्या युद्धनौका पोर्टओप्रिन्सला का गेल्या हे आता वेगळं सांगायला नको.

विरोधकांचं काय चुकलं? तीन सरदार, एक हुकूम नाही. लुपेरोनचा काब्रालवर सामाना-बोलणीमुळे विश्वास नव्हता आणि पिमेंतेलचं कोणाशीच जमत नसे. दुसरं, बंदर नाही म्हणून जकात नाही, जकात नाही म्हणून दारूगोळा उधारीवर. गनिमी काव्याने खोरं राखता येतं, तटबंदीचं शहर घ्यायला तोफा लागतात. म्हणून बाएसला सान हुआन साफ करता येईना आणि काब्रालला आसुआ ओलांडता येईना. सहा वर्षं ती कोंडी जवळपास तशीच राहिली.

---

तळटीप

सार्वमताबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सरसकट ‘नाटक’ म्हणणं मला घाईचं वाटतं.

मतदान फेब्रुवारी १८७० मध्ये झालं. गुप्त मतपेटी नव्हती. नोंदवहीत उघडपणे मत नोंदवायचं, तेही स्थानिक लष्करी अधिकाऱ्यासमोर. बंदरात अमेरिकी युद्धनौका. विरोधकांचे पुढारी एक तर हद्दपार, नाहीतर तुरुंगात, नाहीतर डोंगरात. अशा ठिकाणी विरोधात ११ निघाले हेच आश्चर्य.

पण एकूण संख्येकडे बघा. विलीनीकरणाच्या चौकशीसाठी १८७१ मध्ये आलेल्या अमेरिकी आयोगाने पुढे लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास धरली होती. त्यात प्रौढ पुरुष चौथा हिस्सा मानले तर ३७ हजारांच्या घरात. म्हणजे एवढ्या दडपणाखालीही निम्म्याहून कमी लोकांची नावं चढली. विरोध करायचा तर ‘नाही’ लिहायची गरज नव्हती, न जाणं पुरेसं होतं.

दुसरी बाजूही खरी आहे. पंचवीस वर्षं लढायांनी पिचलेल्या लोकांत ‘कोणीतरी शांतता आणा’ ही भावना होती. सामानात तर १८२४-२५ च्या सुमारास अमेरिकेतून येऊन वसलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांची इंग्रजी बोलणारी वस्ती होती, तिथे विलीनीकरणाला खरा पाठिंबा होता. म्हणून माझं म्हणणं: आकडा दडपणातून आलेला, पण त्यामागची दमणूक बनावट नाही.

---

डोलकाठी

दमणूक मान्य, पण ‘खरा पाठिंबा’ मोजायचा कशाने? १८७१ च्या आयोगाने तोच निष्कर्ष काढला होता आणि आयोग कोणाच्या व्यवस्थेत फिरला तेही पाहायला हवं. बेंजामिन वेड, अँड्र्यू व्हाइट आणि सॅम्युअल ग्रिडली हाऊ हे तिघे आयुक्त आणि सहायक सचिव म्हणून कृष्णवर्णीय नेता फ्रेडरिक डग्लस, असे जानेवारी १८७१ मध्ये ‘टेनेसी’ या युद्धनौकेतून आले. वाटा, वाटाडे, सोबत, सगळं बाएस सरकारचं. काब्रालच्या ताब्यातल्या मुलखात लोक काय म्हणतात ते ऐकल्याशिवाय ‘एकमत’ कसं ठरतं?

डग्लसबद्दल मात्र कालपटात जपून लिहा. तो विलीनीकरणाच्या बाजूने होता, आणि ते विकला गेला म्हणून नव्हे. गुलामगिरी संपलेली अमेरिका आता कृष्णवर्णीय प्रजेला समान नागरिकत्व देऊ शकते असं त्याचं प्रामाणिक मत होतं. समनर त्याचा जुना मित्र, तरी या मुद्द्यावर दोघं समोरासमोर.

अहवाल ५ एप्रिल १८७१ ला सादर झाला, अनुकूल होता आणि त्यावर पुढे काही झालं नाही. त्याआधी मार्चमध्येच समनरला परराष्ट्र समितीच्या अध्यक्षपदावरून दूर केलं होतं. ग्रँटचा सूड निघाला, पण मतं वाढली नाहीत.

---

सीमारेषा

याच तारखेशेजारी एक नोंद जोडा. मार्च १८७१ मध्ये लुपेरोन वायव्येतून आत घुसला आणि एल पिनोला हरला. त्याच्याबरोबरचा कवी आणि सेनानी मानुएल रोद्रिगेस ओब्हियो पकडला गेला आणि १८ एप्रिलला सांतो दोमिंगोत त्याला गोळ्या घातल्या. वॉशिंग्टनमध्ये अनुकूल अहवाल सादर होऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

---

नकाशावेडा

सगळ्यांचे आभार, बराच गुंता सुटला. तळटीप आणि डोलकाठी, तुम्हा दोघांचं जुळणार नाही असं दिसतंय, तेव्हा सार्वमताखाली दोन्ही मतं टाकतो.

आता उरलेलं अर्धं. जून १८७० मध्ये ठोक रक्कम गेली, तिजोरी रिकामी, काब्राल जागचा हलत नाही. मग बाएस आणखी साडेतीन वर्षं टिकला कसा, आणि शेवटी पडला तो कोणामुळे? ‘युद्धाचा शेवट’ म्हणून कोणती तारीख टाकू?

---

खातेवही

टिकला कसा: एक तर वॉशिंग्टनचा दरवाजा १८७१ च्या वसंतापर्यंत पूर्ण बंद झाला नव्हता. आयोग येणार, आयोग गेला, अहवाल आला, या आशेवर सावकार थोडीफार उचल देत राहिले. दुसरं, विरोधकांना आरमार नसल्यामुळे पुएर्तो प्लाताची जकात त्याच्याच हातात होती. तेवढ्यावर फौज जेमतेम जगत होती. हार्टमाँटच्या रोखेधारकांचे हप्ते मात्र बुडाले.

मग शेवटचा डाव. सरकार घेत नाही तर कंपनीला विका! २८ डिसेंबर १८७२ रोजी अमेरिकी भांडवलदारांच्या सामाना बे कंपनीशी करार झाला. उपसागर आणि द्वीपकल्प ९९ वर्षांसाठी, वर्षाला १,५०,००० डॉलर. रक्कम ओळखीची वाटते? १८६९ च्या भाडेपट्ट्यातलीच. फरक एवढाच की तेव्हा समोर एक सरकार होतं आणि आता खाजगी कंपनी, जिला तिथे अंमलदार नेमण्यापर्यंतचे अधिकार दिले होते. कंपनीच्या संचालकांत आयोगातले हाऊ महाशय होते. अनुकूल अहवाल लिहिणारा माणूस दोन वर्षांत त्याच उपसागराच्या कंपनीत. योगायोग म्हणायचा तर म्हणा. १८७३ च्या सुरुवातीला यावरही सार्वमत घेतलं, निकाल अर्थातच अनुकूल.

या डावात खोट अशी की कंपनीकडे भांडवलच पुरेसं नव्हतं. वसाहतदार आणि जहाजं येतील, जमिनीचा भाव वाढेल आणि त्यातून भाडं भरू, असा तिचा हिशेब होता. १८७३ मध्ये अमेरिकेतच आर्थिक घबराट उसळली आणि नवा पैसा उभा राहणं अशक्य झालं. पुढचा हप्ता थकला.

आणि पडला कोणामुळे? काब्रालमुळे नाही, लुपेरोनमुळेही नाही. २५ नोव्हेंबर १८७३ ला पुएर्तो प्लाताचा गव्हर्नर इग्नासियो मारिया गोन्सालेस उठला, म्हणजे बाएसनेच बसवलेला माणूस. जागाही बघा: जकातीचं मुख्य बंदर. ते हातचं गेल्यावर राजधानीत पगार द्यायला काही उरत नव्हतं. लाल आणि निळ्या दोन्ही गटांतले वैतागलेले लोक गोन्सालेसकडे गेले, त्यांनाच पुढे हिरवा गट म्हणू लागले. १८७४ उजाडता उजाडता बाएसने राजीनामा दिला आणि देश सोडला.

---

डोलकाठी

तारखेबद्दल: २५ नोव्हेंबर १८७३ ही उठावाची टाका, जानेवारी १८७४ ही बाएस गेल्याची. पण तुमच्या पटाचा विषय विलीनीकरण असेल तर तिसरी नोंदही लागेल. १८७४ मध्येच गोन्सालेस सरकारने भाडं थकल्याच्या कारणावरून सामाना कंपनीचा करार रद्द केला. ‘सार्वभौमत्व’ वगैरे शब्दांवर भांडण लावण्यापेक्षा थकबाकीचं कलम वापरलं, ते शहाणपणाचं झालं. अमेरिकी सरकारला मध्ये पडायला निमित्तच मिळालं नाही.

---

सीमारेषा

आणि पट तिथे कापू नका. बाएस डिसेंबर १८७६ मध्ये परत आला, १८७८ च्या मार्चपर्यंत राहिला आणि मग कायमचा गेला. १८८४ मध्ये पोर्तो रिकोत वारला. लुपेरोन १८७९ मध्ये हंगामी अध्यक्ष झाला, तोही पुएर्तो प्लातातून कारभार करत, राजधानीतून नाही.

---

खातेवही

कर्जाची रेघही पुढे न्या, वेगळ्या रंगात. बुडालेले हार्टमाँट रोखे १८८८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या वेस्टेनडॉर्प पेढीच्या नव्या कर्जात वळते झाले. वेस्टेनडॉर्प अडचणीत आल्यावर ते हक्क १८९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सान दोमिंगो इम्प्रूव्हमेंट कंपनीकडे गेले. त्या कंपनीच्या आणि युरोपीय सावकारांच्या दाव्यांवरून १९०५ मध्ये अमेरिकेने डॉमिनिकन जकातवसुली हातात घेतली, १९०७ मध्ये त्याचा रीतसर करार झाला आणि १९१६ मध्ये अमेरिकी सैनिक उतरले ते १९२४ पर्यंत राहिले. १८६९ च्या नोंदीपासून १९०५ च्या नोंदीपर्यंत बाण काढलात तर पटावर जागा कमी पडेल, तेव्हा कागद आडवा घ्या.